बदली, दस्तुरी, शिलेदार

बदली म्हटलं, की आज तहसीलदाराची नाहीतर शिक्षकाची बदली आठवते. गिरण्या चालू होत्या तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीत या शब्दाचा अर्थ वेगळा होता. पोरगा काय करतो? ‘गिरणीत बदलीवर आहे.’ म्हणजे कायम कामगाराचा खाडा झाला, तर तेवढ्या पाळीपुरता त्याच्या जागी साच्यावर उभा राहणारा. अरबी ‘बदल’ फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि गिरणगावात माणसाचीच ओळख झाला.

कुणाला उभं करायचं हे मुकादम ठरवायचा. हाही शब्द अरबीच; पुढे ठेवलेला, म्हणजे म्होरक्या. काम देण्याबद्दल तो दस्तुरी घ्यायचा. फारसीत दस्तूर म्हणजे रीत, रिवाज. लाचेला रिवाजाचं नाव मिळालं, की तक्रार कुठे करायची? 1935 साली गिरणीमालक संघानं बदली कार्डं सुरू केली, ती मुकादमाचा हा वरचष्मा मोडायला. महिन्याच्या एक तारखेला कार्ड हाती पडायचं, मग रोज सकाळी ते घेऊन गिरणीत हजर व्हायचं. जागा रिकामी असली तर काम, नसली तर 160 चौरस फुटांच्या खोलीत परत.

आज हजेरी फोनवर लागते. मुकादमाच्या जागी अ‍ॅप आलं, दस्तुरीला कमिशन म्हणतात. घरबसल्या डिझाइन किंवा भाषांतर करणारा ‘फ्रीलान्सर’, डबे पोचवणारा ‘पार्टनर’. फ्रीलान्सर हा मुळात भाडोत्री भालाईत. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीतून इंग्रजीत रुळला. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द शिलेदार. फारसी सिलाहदार, हत्यारबंद. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला यायचा. बाइक स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, लॅपटॉपही स्वतःचा, तेव्हा ही मुलं शिलेदारच. पण शिलेदाराला घोड्याच्या खर्चासकट तनखा ठरलेला असे. यांचं मोल ऑर्डरगणिक, आणि ऑर्डर येईल की नाही ते बदलीवाल्यासारखं त्या-त्या दिवशी कळणार. म्हणून मला ‘बदली’ हाच शब्द जास्त खरा वाटतो.

या शब्दानं एक गोष्ट मिळवलीही होती. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली भर पडली, तेव्हा इंग्रजी मजकुरात ‘बदली’ शब्द जसाच्या तसा बसला. ले-ऑफच्या भरपाईतून बदलीवाल्याला वगळलं होतं खरं, पण वर्षभराची सलग सेवा भरली, की या कलमापुरता तो बदली उरत नसे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं ‘गिग वर्कर’ची व्याख्या केली, ती मालक-नोकर या रूढ नात्याबाहेर काम करणारा अशी. त्याच्यासाठी कल्याणकारी योजनांची सोय केली, ती हवीच होती. पण किती दिवस राबल्यावर तो कामगार ठरेल, हे तिथे लिहिलेलं नाही.