जेएसपी : पुन्हा वापरायच्या जावा कोडची मांडणी

जेएसपी (जावा सर्व्हर पेजेस) हे मागणीनुसार वेबपान घडवणारे तंत्र सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये आणले. एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेल्या अशा पानाचे सर्व्हर आधी सर्व्हलेटमध्ये, म्हणजे एका जावा क्लासमध्ये रूपांतर करतो. मांडणीचे सारे प्रश्न इथूनच सुरू होतात.

पानातच लिहिलेली मेथड त्या पानाच्या क्लासपुरती राहते. दुसऱ्या पानाला ती हवी झाली, की नक्कल होते आणि एकीकडे दुरुस्त केलेली चूक दुसरीकडे तशीच उरते. याहून घातक आहे ते पानाच्या डिक्लरेशनमध्ये घोषित केलेले व्हेरिएबल. सर्व्हलेटची सहसा एकच प्रत अनेकांच्या विनंत्या एकाच वेळी हाताळते. ते व्हेरिएबल या साऱ्या विनंत्यांत सामायिक असल्यामुळे एका वापरकर्त्याची माहिती दुसऱ्याच्या पानावर उमटू शकते. एकट्याने चाचणी घेताना हा दोष दिसतही नाही.

म्हणून हिशेब, नियम आणि डेटाबेसचे काम पॅकेजमधील साध्या क्लासमध्ये किंवा जावाबीनमध्ये ठेवावे. तिथे त्याची स्वतंत्र चाचणीही घेता येते. शीर्षपट्टी, तळपट्टी यांसाठी इन्क्लूड, म्हणजे दुसरी फाइल पानात जोडणे, पुरेसे असते. इन्क्लूड डायरेक्टिव्ह रूपांतराच्या वेळीच मजकूर जोडते, तर इन्क्लूड ॲक्शन प्रत्येक विनंतीच्या वेळी.

पुन्हापुन्हा लागणाऱ्या मांडणीसाठी स्वतःचे टॅग बनवता येतात. जेएसटीएल या प्रमाणित टॅगसंग्रहाने (२००२) अटी आणि आवर्तने पानातील जावाविना शक्य केली. जेएसपी २.० मधील (२००३) टॅग फाइल ही सर्वांत उपकारक भर, कारण जावा न येणारा पानरचनाकारही तिच्यामुळे स्वतःचा टॅग लिहू शकतो.