यशवंतीची लंडनवारी

वेम्बलीत वाढणाऱ्या मराठी मुलांना घोरपड पहिल्यांदा भेटते ती तानाजीच्या गोष्टीत. मूल विचारतं, "घोरपड म्हणजे काय?" आणि आपण "मोठी पाल" असं सांगून मोकळे होतो. वाचकहो, याहून बरं उत्तर आपल्याकडे असायला हवं. ते शोधताना सिंहगडाइतकंच लंडनही उपयोगी पडतं.

सिंहगडापासून सुरुवात करू. गड घेतला फेब्रुवारी १६७० मध्ये. कृष्णाजी अनंत सभासदाने त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. मावळे माकडांसारखे कडा चढून गेले, एवढंच तिथे आहे. यशवंती भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. ती अर्ध्यावरून माघारी फिरते, तानाजी तिला दम देतो आणि मग ती दोर घेऊन वर जाते. ॲक्वर्थ नावाचा मुंबईतला इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जुने पोवाडे गोळा करून छापले. ॲक्वर्थने त्यांतल्या काहींची इंग्रजी भाषांतरं १८९४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. मराठी पोवाडे इंग्रजी वाचकांच्या हाती आले ते असे.

असंच मुधोळच्या घोरपडे घराण्याचं. पंधराव्या शतकात बहामनी फौजेसाठी खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीच्या मदतीने सर केला आणि त्यावरून हे नाव मिळालं, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. गडाचं नाव बदललं, शतक बदललं, तरी दोर बांधलेली घोरपड तीच.

मग या कथांमध्ये खरं काहीच नाही का? आहे. घोरपडीची नखं मजबूत आणि वाकडी असतात, ती झाडावर आणि खडकावर चढते. कपारीत शिरली की अंग फुगवून अशी घट्ट बसते, की ओढून बाहेर काढणं मुश्किल. चिवट पकडीला आपण घोरपडीची उपमा देतो, ती यावरूनच. पण ती असं करते ते जीव वाचवण्यासाठी. दोर कुठे न्यायचा, माणूस चढेपर्यंत किती वेळ थांबायचं, हे तिला शिकवता येईल असं मानायला आधार नाही. त्या रात्रीचं श्रेय कडा चढणाऱ्या माणसांनाच द्यायला हवं.

एरवी घोरपडीचा दिवस साधा असतो. सकाळी उन्हात अंग शेकायचं आणि मग जमीन हुंगत निघायचं. दुभागलेली जीभ आतबाहेर करून ती हवेतले वासाचे कण टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोचवते. भुंगे, अळ्या, बेडूक, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी, जे सापडेल ते खाते. मादी खड्ड्यात किंवा वारुळात वीसेक अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. काही महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जिवावर जगतात.

आता लंडनकडे येऊ. वेम्बली पार्कहून जुबिली लाइनने बेकर स्ट्रीटला उतरलात की रिजंट्स पार्क जवळच आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १९२७ साली इंडोनेशियातून कोमोडो ड्रॅगनची जोडी आली. कोमोडो हा आपल्या घोरपडीचा सख्ख्या कुळातला भाऊ, दोघांचीही प्रजाती व्हॅरानस. घोरपड फार तर पावणेदोन मीटरची, कोमोडो तीन मीटरपर्यंत वाढतो, वजन सत्तर किलोपर्यंत जातं, आणि तो हरणासारखी शिकार पाडतो. त्याच्या चाव्यात घाणेरडे जंतू असतात म्हणून शिकार मरते, असं अनेक वर्षं मानलं जाई. जबड्यात विषग्रंथी असल्याचं २००९ साली पुढे आलं.

त्या जोडीची देखभाल जोन प्रॉक्टर या तरुण अभ्यासिकेकडे होती. सरपटणाऱ्या प्राण्यांचं नवं घरही तिच्याच आराखड्यावर बांधलं होतं. 'सुंबावा' नावाच्या कोमोडोला ती हाताने खाऊ घालायची आणि बागेत फिरायला न्यायची. १९२८ मध्ये तिने त्याला शास्त्रज्ञांच्या सभेतच आणलं. ज्याला जग राक्षस म्हणत होतं, तो माणूस ओळखतो आणि शांत राहतो हे सगळ्यांनी पाहिलं. सततच्या आजारपणाशी झगडत काम करणारी प्रॉक्टर १९३१ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली. याच संग्रहालयातल्या 'सुंगाई' या मादीने २००५ मध्ये नराच्या संगाविना अंडी घातली आणि त्यांतून पिल्लं निघाली. तोवर कोमोडोमध्ये असं घडतं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण एका डबीत आहे. लक्ष्मी घरात राहावी म्हणून शेंदरात ठेवलेली 'हत्थाजोडी' तुम्ही कदाचित पाहिली असेल. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शनच्या संशोधकांनी २०१७ साली तिची ऑनलाइन विक्री उघडकीला आणली, आणि ती विक्री भारतापुरती नव्हती. घोरपडीला तेलासाठी आणि मांसासाठी मारतात. गोव्यात घुमटाला तिचं कातडं लावत. आता तिथे बकऱ्याचं कातडं लावतात आणि घुमट तरीही वाजतंच. भारतीय कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीला वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि तिच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे.

तेव्हा ऑनलाइन हत्थाजोडी दिसली तर घेऊ नका, आणि भारतातून कुणी पाठवतो म्हणालं तर नको म्हणा. मुलाने पुन्हा विचारलं, तर यशवंतीची गोष्ट जरूर सांगा, ती आपलीच आहे. मग त्याला रिजंट्स पार्कला न्या, कोमोडोची जीभ दाखवा आणि सांगा, की याची धाकटी बहीण सह्याद्रीत राहते, आणि तिला दोर बांधायची काही गरज नाही.