इथे न चालणारा रुपया

१९७४ सालची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी तेव्हा नवा रोखपाल होतो. एके दिवशी खिडकीपाशी एक वयस्कर मुसलमान बाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी दहा रुपयांची एक नोट पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "भाऊ, वाणी घेत नाय. तुम्ही तरी बदलून द्या."

नोट खोटी नव्हती. तिच्यावर अशोकस्तंभ होता, रिझर्व्ह बँकेचं नाव होतं, गव्हर्नरांची सही होती. पण रंग रोजच्या नोटेचा नव्हता आणि क्रमांकाच्या आधी 'एचए' अशी दोन इंग्रजी अक्षरं होती. मी ती साहेबांकडे नेली. त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "अरे, ही हजची नोट. आपल्याच रिझर्व्ह बँकेची. पण आपल्या देशात चालत नाही."

आपलीच नोट आपल्याच देशात का चालत नाही, या प्रश्नाने मला नंतर बरीच वर्षं सोडलं नाही. वाचत गेलो तशी एक जुनी, बरीचशी विसरली गेलेली हकिकत हाती आली.

आज परदेशी निघालो की तिथलं चलन कुठून आणि किती घ्यायचं, ही पहिली काळजी असते. पण एके काळी मुंबईहून कुवेत, बहरीन, कतार, दुबई किंवा मस्कतला जाणाऱ्या माणसाला ही काळजीच नव्हती. खिशातला रुपया हाच तिथला रुपया होता. मोत्यांचा व्यापार मुंबईशी होता, तांदूळ आणि कापड मुंबईहून जायचं, आणि त्या किनाऱ्यावर इंग्रजांचा वचक होता तोही हिंदुस्थानातल्या सरकारमार्फत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या बाजारात आपला रुपया रुळला होता. देश स्वतंत्र झाल्यावरही हा व्यवहार तसाच चालू राहिला.

हजला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. मुंबईहून जेद्दापर्यंत बोटीचा साधारण आठवडाभराचा प्रवास. यात्रेकरू रुपये घेऊन उतरायचे आणि तिथल्या सराफाकडून रियाल घ्यायचे. आपण सोन्याचांदीच्या दुकानदाराला सराफ म्हणतो, तो शब्द मूळचा अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ नाणी बदलून देणारा असाच आहे. गंमत म्हणजे रियाल तेव्हा चांदीचं नाणं होतं. चार पैसे जवळ असलेल्या माणसाला अक्षरशः ओझं वाहावं लागे. ही अडचण ओळखून तिथल्या नव्या मध्यवर्ती बँकेने १९५३ साली यात्रेकरूंसाठी दहा रियालच्या छापील पावत्या काढल्या. त्यांवर अरबीबरोबर उर्दू, फारसी, तुर्की अशा भाषांतही मजकूर होता. पावती द्या, चांदी घ्या, एवढाच करार. पण यात्रेकरूंच्या हातातून या पावत्या दुकानदारांकडे गेल्या आणि सुटसुटीत म्हणून लोकांनी त्या ठेवून घेतल्या. सौदी अरेबियात कागदी पैसा रुळला तो असा, पाहुण्यांच्या सोयीपायी. देशाच्या नावाने रीतसर नोटा आल्या त्या १९६१ साली.

मग आपल्या रुपयाचं काय बिघडलं? बिघडलं ते सोन्यामुळे.

सोन्याच्या आयातीवर भारतात निर्बंध होते आणि इथला भाव बाहेरच्या भावापेक्षा बराच चढा होता. आखाती बंदरांतून गलबतं निघायची आणि रात्रीच्या अंधारात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सोनं उतरवायची. त्या सोन्याची किंमत रुपयांत चुकती व्हायची आणि नोटांच्या थप्प्या उलट्या वाटेने आखातात जायच्या. तिथे रुपया राजरोस चालत असल्यामुळे त्या थप्प्या बाजारातून बँकेत येत. तिथल्या बँका त्या रिझर्व्ह बँकेकडे पाठवत आणि बदल्यात पौंड मागत. पौंड द्यावेच लागत. म्हणजे चोरटं सोनं आपल्याकडे यायचं आणि त्याचं बिल आपल्या परकीय गंगाजळीतून फिटायचं. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या त्या काळात यंत्रसामग्रीसाठी एकेक पौंड मोलाचा होता.

यावर १९५९ साली तोड निघाली. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि फक्त देशाबाहेर वापरायच्या खास नोटा आल्या. आखातासाठी एक, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या. त्यांचे रंग निराळे आणि क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर. हज यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभरच्या, 'एचए' अक्षरांच्या. भारतात यांतली एकही नोट व्यवहारात चालायची नाही, असं कायद्यानेच ठरवलं. आखातातल्या लोकांना जुने रुपये बदलून घ्यायला काही आठवड्यांची मुदत मिळाली. त्यानंतर इथून चोरून नेलेल्या नोटेला तिथे पहिल्यासारखा भाव उरला नाही.

तोड नामी होती, पण रुपयाचा आखातातला मुक्काम काही तिने वाढला नाही. तेलाच्या पैशाने ते देश आपल्या पायांवर उभे राहत होते. १९६१ मध्ये कुवेतने दिनार आणला, १९६५ मध्ये बहरीनने. मग ६ जून १९६६ उजाडला. भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, त्याचे साडेसात पडू लागले. हा निर्णय दिल्लीत आपल्या गरजेपोटी झाला, पण दुबईच्या आणि कतारच्या माणसाची पुंजीही त्याच रुपयात होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्या राज्यांनी तातडीने रुपया सोडला आणि दुसरं चलन धरलं. ओमानात तो रेंगाळला, पण १९७० मध्ये तिथेही त्याचा निरोप झाला. हजच्या नोटाही सत्तरच्या दशकात मागे पडल्या.

आता पुन्हा त्या बाईंकडे येतो. त्यांचा नवरा १९६०च्या सुमारास हजला गेला होता. पायी चालून, पोटाला चिमटा घेऊन त्याने दहा रुपये वाचवले. परतीची बोट मुंबईला लागली तेव्हा नोट बदलून घ्यायची राहिली आणि तो तसाच गावी आला. पुढे तो वारला. त्याच्या पेटीत ती नोट जपून ठेवलेली होती. यंदा घरात अडचण आली, म्हणून बाईंनी ती बाहेर काढली.

मी त्यांना नियम सांगितला. ही नोट इथे बदलता येणार नाही, मुंबईला रिझर्व्ह बँकेत जावं लागेल. त्यांनी बोटांवर हिशेब केला. जाण्यायेण्याचं भाडं दहा रुपयांच्या वर जात होतं.

"पण भाऊ, वचन लिवलंय ना यावर?" त्यांनी विचारलं.

वचन लिहिलेलं होतंच. 'मैं धारक को' अशी सुरुवात असलेला मजकूर आपल्याला खिशातल्या नोटेवर रोज दिसतो, आपण तो वाचत मात्र नाही. त्या बाईंनी कोणाकडून तरी वाचवून घेतला होता. मी म्हटलं, "आहे, पण ते मुंबईत मिळेल." त्यांनी नोट पुन्हा पदराच्या गाठीत बांधली आणि त्या निघून गेल्या.

माझं काही चुकलं नव्हतं. नियम तसाच होता. पण माझ्या स्वतःच्या खिशात तेव्हा दहा रुपये होते. ते देऊन ती नोट मला ठेवून घेता आली असती, मुंबईला गेलो असतो तेव्हा बदलूनही आणली असती. हे मला सुचलं संध्याकाळी, रोकड जुळवताना. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून वाट पाहिली. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आज दुबईतल्या काही दुकानांत आपला माणूस मोबाइल पुढे करतो आणि भारतातल्या खात्यातून रुपये वळते होतात. साठ वर्षांपूर्वी तिथून उठलेला रुपया निराळ्या वाटेने पुन्हा त्या बाजारात गेला आहे. ही बातमी वाचून मला बरं वाटलं. पण त्याच वेळी पदराची ती गाठ आठवली. 'एचए'ची नोट आता संग्राहक मोठ्या हौसेने विकत घेतात. त्या बाईंच्या घरी ती अजून असेल, तर निदान आता तरी तिचं मोल त्यांच्या नातवंडांना मिळावं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)