समुद्र नसलेल्या देशांत ज्यूस विकायचा आहे? पैसे गुंतवण्यापूर्वी हे वाचा

जाधववाडीच्या बाजारात मोसंबीच्या गाड्या उतरवण्यात आपल्या बागवान बांधवांच्या पिढ्या गेल्या. आता त्यांची शिकलेली मुले आम्हाला विचारतात, "सर, नुसते फळ विकण्यापेक्षा पॅकबंद ज्यूस नेपाळला किंवा उझबेकिस्तानला पाठवला तर?" विचार चांगला आहे. पण त्यात घराची जमापुंजी लागते, कधी आईचे दागिनेही. म्हणून आवश्यक माहिती इथे एकत्र देत आहोत.

भूवेष्टित देश म्हणजे काय?

ज्या देशाला समुद्रकिनारा नाही, तो भूवेष्टित देश. नेपाळ, भूतान, अफगाणिस्तान ही जवळची उदाहरणे. उझबेकिस्तान तर दुहेरी भूवेष्टित आहे, त्याच्या शेजाऱ्यांनाही खुला समुद्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे 32 विकसनशील देश आहेत. 1982 च्या सागरी कायदा कराराने त्यांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क दिला. पण वाट कोणती आणि अटी काय, हे शेजाऱ्याशी करार करूनच ठरते.

पाण्याचे भाडे

संत्र्याच्या रसात साखर व इतर विरघळलेले घटक साधारण 11-12 टक्के असतात, बाकी पाणी. आटवलेल्या रसात हेच प्रमाण 65 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून मोठ्या कंपन्या रस आटवून ड्रममधून नेतात आणि पाणी मिसळून पॅकिंग बाजाराजवळ करतात. डब्बे भरून ट्रक पाठवणारा मात्र पाण्याचेही भाडे भरतो. शिवाय डाबरचा 'रिअल' ज्यूस नेपाळमध्येच तयार होतो आणि तिथून भारतातही येतो. म्हणजे तगडा स्पर्धक तिथे आधीच बसलेला आहे.

आपले फळ कोणते चालेल?

जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पण मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवट होतो, तो कडवटपणा काढायला वेगळी यंत्रणा लागते. केसरचा गर त्या मानाने सोयीचा. तो निर्जंतुक पिशवीत भरून साधारण 215 किलोच्या ड्रममधून जातो. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या भागातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या, हेही विसरू नये. फळच नसेल तर दिलेली ऑर्डर पुरी कशी करणार?

जोखीम कुठे आहे?

*सीमा :* सप्टेंबर 2015 मध्ये नेपाळची नवी राज्यघटना आल्यानंतर रक्सौल-बीरगंज नाक्यावर वाहतूक अडली, ती फेब्रुवारी 2016 पर्यंत. ज्यूसला मुदत असते. ट्रक उन्हात उभा राहिला तर मुदत चालूच राहते.

*वळसा :* पाकिस्तान भारतीय मालाला जमिनीवरून अफगाणिस्तानात जाऊ देत नाही. त्यामुळे तिकडचा आणि मध्य आशियाचा माल बहुतेक इराणच्या बंदरांमार्गे जातो. इराणवरील निर्बंधांमुळे बँक आणि विमा दोन्ही अवघड होतात.

*चलन :* नेपाळचा रुपया 1993 पासून आपल्या रुपयाशी बांधलेला आहे, 100 भारतीय म्हणजे 160 नेपाळी. इतर देशांत ही सोय नाही. माल पोहोचेपर्यंत तिथले चलन घसरले, तर खरेदीदार भाव पाडून मागतो.

*लेबल :* जून 2024 मध्ये एफएसएसएआयने आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या ज्यूसवर '100 टक्के फळांचा रस' लिहायला मनाई केली. परदेशातले नियम वेगळे असू शकतात, ते आधी मागवून घ्या. सफरचंदासारखा रस नितळ करायला कधी जिलेटिन वापरतात. मुस्लिम ग्राहक त्याबद्दल विचारणारच, म्हणून कारखान्याकडून लेखी घ्या.

काय करावे?

आयात-निर्यात कोड, एफएसएसएआय परवाना आणि अपेडाची नोंदणी आधी करावी. स्वतःचा कारखाना टाकण्याऐवजी सुरुवातीला चालू कारखान्यातून माल भरून घ्यावा. पहिली खेप छोटी असावी. ओळखीवर उधारी देऊ नये. बँकेचे पतपत्र मागावे आणि खरेदीदार बुडाला तर भरपाई देणारा ईसीजीसीचा विमा घ्यावा. सीमा दोन महिने बंद राहिली तरी घर चालेल का, हा हिशोब घरातल्या सगळ्यांना बसवून करावा. उत्तर 'नाही' असेल, तर यंदा थांबण्यात काही कमीपणा नाही.