घट, वृषभ आणि धम्ममंगल : प्रवराकाठच्या ऋतुविधींचा पूर्वेतिहास

बल्गेरियातील खेड्यांत हिवाळा सरताना मुखवटे चढवून आणि कमरेला घंटा बांधून नाचण्याची प्रथा आहे. प्राचीन थ्रेसवासीयांच्या धर्मकल्पना या प्रथेत टिकून राहिल्या आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या ऋतुविधींतही असा प्राचीन अंश उरला आहे काय? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेचे खोरे या प्रश्नाच्या विचारास फार उपयुक्त आहे.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि त्या गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस नाव मिळाले. इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास बहरलेली ही संस्कृती शेतकऱ्यांची होती. नेवासे येथे त्या काळातील बालकांची दफने घरांच्या जमिनीखाली आढळली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत मृत बालक ठेवीत. दायमाबाद येथे १९७४ साली गेंडा, हत्ती, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ अशी कांस्यशिल्पे मिळाली. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे कच्च्या मातीची शीर्षविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत मातीचा बैल सापडला.

मडके, माती, स्त्री आणि बैल ही प्रतीके आजही परिचित आहेत. आश्विनात घट बसतो. शेतातील काळ्या मातीत धान्य पेरून तिच्यावर पाण्याने भरलेला घट ठेवतात आणि दसऱ्यास ते कोवळे अंकुर टोपीत वा फेट्यात खोवतात. बियाणे कसे उगवते याची परीक्षाही त्यात आपोआप होते. पोळ्याला बैल सजवितात. ज्याच्या घरी बैल नाही तो मातीचे बैल पूजतो.

तथापि साम्य म्हणजे पुरावा नव्हे. ताम्रपाषाणयुगीन वस्ती संपल्यानंतर नेवासे कित्येक शतके ओस होते. सातवाहनकाळाच्या सुमारास तेथे पुन्हा वस्ती झाली. म्हणून घटाची परंपरा एकाच गावात अखंड चालत आली, असे म्हणता येत नाही. मग टिकले काय? धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दख्खनमधील मातृदेवींची स्थाने पायी फिरून तपासली आणि त्यांची सांगड प्राचीन वाटांशी व जीवनपद्धतीशी घातली. त्याच दिशेने पाहता येथे टिकली ती पावसावरची शेती, बैलाचे श्रम आणि बालमृत्यूचे भय. कारणे टिकली तोवर विधी पुन्हा पुन्हा उपजले. पुराणकथा त्यांवर नंतर चढल्या. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्यास हे नवल वाटू नये. म्हणूनच असा प्रत्येक विधी 'मुळात वैदिक' ठरविणे जसे अनैतिहासिक, तसेच पुराव्यावाचून तो 'मुळात बौद्ध' ठरविणेही अनैतिहासिकच होय.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. गावगाड्याने याच ऋतुविधींत जातीजातींची पायरी नेमून दिली. देवीपुढे बळी दिलेल्या रेड्याशी निगडित कामे अनेक गावांत महारांच्या वाट्यास आली. त्यांतला प्राचीन अंश खरा असेल, पण त्यातून लादलेली हीनताही तितकीच खरी होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेतलेल्यांनी जुन्या देवदेवतांचा त्याग केला, त्यामागे हा अनुभव होता. विधीचे प्राचीनत्व ही त्याच्या योग्यतेची कसोटी नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

सम्राट अशोकाने हाच प्रश्न आपल्या नवव्या शिलालेखात हाताळला आहे. त्याचा एक खंड सोपाऱ्याजवळ १९५६ सालीच उजेडात आला. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात. अशोक ते करण्यास हरकत घेत नाही. पण त्यांचे फळ अल्प आहे, असे तो म्हणतो. दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान यांस तो धम्ममंगल म्हणतो.

इतिहासकाराने घटातील मातीचे वय जरूर शोधावे. उपासकाने मात्र त्या विधीत सेवकाचा मान राखला गेला काय, एवढे विचारावे. दोन्ही शोध प्रामाणिकपणे चालले, तरच प्रवराकाठच्या मातीला न्याय मिळेल.