कासा आज्ञापटलावरील त्रुटी-निवारण

कासा ही रेडिओ खगोलशास्त्रातील विदा-प्रक्रियेसाठी वापरली जाणारी मुक्त संगणकप्रणाली आहे. तिचा गाभा सी++ भाषेत असून वापरकर्ता पायथॉनवर आधारित संवादी आज्ञापटलावर (शेल) एकेक आज्ञा देऊन काम करतो. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या दुर्बिणीच्या विदेसाठीही ती वापरली जाते.

== पार्श्वभूमी ==
जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संकेत असंख्य वारंवारितांवर सतत नोंदले जात असल्याने विदा प्रचंड असते. मूळ एलटीए धारिका 'लिस्टस्कॅन' व 'जीव्हीफिट्स' या आज्ञावलींनी फिट्स स्वरूपात बदलून कासामध्ये आयात करतात. त्यातून तयार होणारा 'मेजरमेंट सेट' ही एकच धारिका नसून अनेक सारण्यांची निर्देशिका असते. पुढील काही त्रुटींचे मूळ या रचनेत आहे.

== सामान्य त्रुटी ==
* '''सारणीस कुलूप:''' दुसरे सत्र किंवा आलेखाची खिडकी तीच सारणी वापरत असल्यास आज्ञा खोळंबते. ते सत्र बंद करून 'क्लिअरस्टॅट' ही आज्ञा देतात.
* '''रिक्त निवड:''' निवडलेल्या सारणीत शून्य ओळी असल्याचा संदेश येतो. स्रोताचे नाव, क्रमांक वा वेळ चुकलेली असते. 'लिस्टॉब्ज' आज्ञेने मिळणाऱ्या सूचीशी ती ताडून पाहतात.
* '''उघड्या धारिकांची मर्यादा:''' एकाच वेळी उघडता येणाऱ्या धारिकांची संख्या संपल्यास काम थांबते. कार्यप्रणालीतील ही मर्यादा वाढवून सत्र पुन्हा सुरू करावे लागते.
* '''जुनी मूल्ये:''' आधी भरलेली प्राचले पुढील आज्ञेत तशीच राहू शकतात. 'डिफॉल्ट' आज्ञेने ती मूळ स्थितीत येतात.

== संदेशाविना होणाऱ्या चुका ==
आज्ञा विनातक्रार पूर्ण झाली म्हणजे निष्कर्ष बरोबर आहे, असे नव्हे. प्रमाणक स्रोताची तीव्रता 'सेटजेवाय' आज्ञेने दिली नाही, तर कासा ती १ जान्स्की गृहीत धरते. थ्रीसी २८६ या प्रमाणकाची तीव्रता १.४ गिगाहर्ट्झला सुमारे १५ जान्स्की आहे. म्हणून अभ्यासविषय स्रोत प्रत्यक्षाच्या सुमारे पंधरावा भाग इतकाच तेजस्वी दिसतो. त्याचप्रमाणे, अंशांकनाची उत्तरे न मिळालेली विदा आपोआप बाद ठरवली जाते. किती विदा उरली हे न तपासल्यास ही हानी लक्षात येत नाही.

== निवारणाची पद्धत ==
प्रत्येक सत्राची नोंद लॉग धारिकेत होते. एका त्रुटीतून पुढील अनेक त्रुटी उद्भवत असल्याने शेवटचा नव्हे, तर पहिला त्रुटिसंदेश शोधणे उपयुक्त ठरते. विदा बाद करण्यापूर्वी 'फ्लॅगमॅनेजर'ने तत्कालीन स्थिती जतन केल्यास मागे परतता येते. मूळ फिट्स धारिका मात्र स्वतंत्र ठेवणे आवश्यक असते, कारण दुर्बिणीचा वेळ मर्यादित असतो आणि क्षणिक खगोलीय घटनेचे निरीक्षण पुन्हा घेता येत नाही.

== हेही पहा ==
* जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप
* रेडिओ खगोलशास्त्र
* गोविंद स्वरूप