भिंतीवरचे थर

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या सागवानी रानांतून सिपना नदीपाशीं येतो, तेथें सेमाडोह हें गांव लागतें. १९७४ सालीं मेळघाटांत व्याघ्रप्रकल्प स्थापन झाल्यापासून शहरांतील मंडळींस हें नांव वाघाच्या निमित्तानें ठाऊक झालें. परंतु हा मुलूख मूळचा कोरकू लोकांचा. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या घराची भिंत म्हणजे लांकडी खांबांमध्यें बसविलेला बांबूचा कूड, आणि त्यावर माती व शेण यांचें लिंपण. पावसाची झड लागून अशा भिंतीची माती धुपते, कोठें कोठें पोपडे सुटतात, आणि पाऊस उघडल्यावर ती पुन्हां लिंपावी लागते.

मातीच्या लिंपणाचा नियम साधा आहे. सुटलेला पोपडा प्रथम काढून टाकावा, उरलेली माती पाण्यानें भिजवावी, आणि मगच नवा हात द्यावा. कोरड्या भिंतीवर ओली माती तशीच थापली, तर जुनी माती नवीमधील पाणी शोषून घेते, नवा थर आक्रसतो आणि पापुद्र्यासारखा सुटून येतो. तळाशीं निराळ्या रंगाचा पट्टा ओढणें किंवा दाराभोंवतीं नक्षी काढणें हें सर्व त्यानंतरचें काम. शोभेच्या आधीं खालच्या थराची विचारपूस झाली पाहिजे, हें ज्ञान मातीचें घर राखणाऱ्यांस फार पूर्वींपासून आहे.

विलायतेंतील घरांत भिंतीवर नक्षीच्या लांकडी पट्ट्या बसविण्याची चाल पडली, तीहि केवळ शोभेसाठीं नव्हे. खुर्च्या भिंतीशीं लावून ठेवीत. त्यांच्या पाठीनें गिलावा खरचटूं नये म्हणून कमरेइतक्या उंचीवर एक आडवी पट्टी असे. जमिनीलगतची दुसरी पट्टी भिंतीचा पाय राखी आणि फरशीचा सांधा झांकी. पुढें या दोहोंमधील भाग सजविण्यासाठीं उठावाचा कागद निघाला. लिनोलियमचा जनक फ्रेडरिक वॉल्टन यानें १८७७ सालीं जवसाच्या घट्ट केलेल्या तेलांत लांकडाचा बारीक भुसा मिसळून, त्यावर नक्षीच्या रुळानें ठसा उठविला. त्यास लिंक्रस्टा हें नांव मिळालें. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, थॉमस पामर यानें कापसाच्या लगद्यापासून अधिक हलका असा अनाग्लिप्टा बाजारांत आणला. कोरीव लांकूड किंवा चुन्याची नक्षी ज्यांस परवडत नसे, त्यांच्या घरांतहि या कागदामुळें तशी शोभा आली. हा कागद रंगविण्यासाठींच असल्यामुळें पुढच्या पिढ्यांनीं त्यावर रंगाचे हात चढविले. आपल्याकडे दमट हवा आणि वाळवी यांमुळें भिंतीच्या कागदानें फारसें मूळ धरलें नाहीं. चुन्याचा हातच घरोघर चालूं राहिला. अलीकडे मात्र शहरांतील घरांत उठावाचा कागद आणि शोभेच्या पट्ट्या यांचा शिरकाव पुन्हां झाला आहे.

अशा जुन्या कागदावर नवी पट्टी चिकटवितांना पुष्कळांची फसगत होते. पट्टीचा भार सरस तोलतो असें वाटतें. पण सरस धरतो तो रंगास, रंग धरतो कागदास, कागद धरतो जुन्या खळीस, आणि खळ गिलाव्यास. या सांखळींतील जुनी खळ दमटपणानें मेलेली असली, म्हणजे उत्तम सरस लावूनहि पट्टी कागदासकट खालीं येते. शिवाय कागदाच्या उठावामुळें पट्टी सर्वत्र टेकत नाहीं. ती उंचवट्यांवर तेवढी धरते आणि खळग्यांत पोकळी राहते. म्हणून जाणते कारागीर प्रथम बोटांनीं वाजवून भिंत कोठें पोकळ बोलते तें पाहतात. नंतर पट्टीच्या रुंदीहून किंचित् कमी अशी कागदाची चीर सुरीनें कापून काढतात, आणि उघड्या गिलाव्यावर, किंवा भिंतींत लांकडाची गिट्टी ठोकून तींत स्क्रूनें, पट्टी बसवितात. कापलेल्या कागदाच्या कडा पट्टीखालीं झांकल्या जातात. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भागांची मर्यादा घालणारा नियम २०१६ सालीं निघाला. त्यामुळें असा कागद कोरडा घासून धूळ उडविण्यापेक्षां भिजवून सोडविणें हिताचें.

येथवरची हानि फार तर एका पट्टीची. खालचा थरच मोलाचा असला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण वऱ्हाडच्या पश्चिम सीमेपलीकडे अजिंठ्यास सांपडतें. तेथील चित्रांची घडणहि थरांची आहे: पाषाणावर भुसा व तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. दहाव्या लेण्यांत सातवाहनकालीन चित्रें आहेत, आणि पांचव्या शतकांतील चित्रकारांनींहि तेथें आपलें काम केलें आहे. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह या चित्रांच्या नकला केल्या, त्या वेळीं चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांवर वॉर्निश चढलें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस पाचारण केलें. सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं पुन्हां धरविला, हें त्यांचें ऋण मोठें. परंतु रंग राखण्यासाठीं दिलेला लाखेचा लेप कालांतरानें पिवळा व काळपट झाला, धूळ व काजळी त्यांत अडकली, आणि जें राखावयाचें तेंच झांकलें गेलें. हेतु शुद्ध होता. वरचा थर म्हातारा झाल्यावर खालच्यास काय करील, याचा अदमास तेवढा चुकला.

१९९९ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं नवव्या व दहाव्या लेण्यांतील हा लेप अतिशय सावकाश उतरविण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या आकृति पुन्हां दृष्टीस पडल्या. जें नवें चढवावयाचें तें खालच्यास इजा न होतां पुन्हां काढतां आलें पाहिजे, हा दंडक आज जगभरचे जतनकार मानतात. घरच्या भिंतीसहि तो लागू पडतो. स्क्रूनें बसविलेली पट्टी उद्यां उतरवितां येते. सरसानें डकविलेली जुना कागद फाडूनच निघते. आणि आजोबांच्या काळचा तो कागदच जर जपण्याजोगा असेल, तर त्यावर पट्टी न लावणें हेंच उत्तम.

सेमाडोहच्या मातीच्या भिंतीस या दंडकाची भीति नाहीं. तिचा नवा थर जुन्याच्याच जातीचा असतो. पाणी शिंपडलें कीं तो मऊ होऊन हातांत येतो, आणि तीच माती मळून पुन्हां भिंतीवर चढवितां येते.